संथ पेटीचे आभार

कानडी मुलखातल्या शहरात, शिवाजीनगरातल्या एका जुन्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी मराठी मंडळी जमायची. चाळीसेक माणसं, बहुतेक बेळगावकडची. ईस्टरपासून तिथे चहाच्या किटल्या दोन झाल्या होत्या.

त्याला कारण वसुमतीबाई साळवी. निवृत्त नर्स, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. ईस्टरच्या उपासनेला पेटीवर शिवाप्पा घाटगे होते. ते इतकं संथ वाजवत, की एका कडव्यात कुकरच्या तीन शिट्ट्या व्हाव्यात. शेवटच्या कडव्यात वसुमतीबाई पुढे पळाल्या; त्यांचं गीत संपलं तेव्हा शिवाप्पांच्या दोन ओळी शिल्लक होत्या. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अण्णा, आज पुनरुत्थान आहे, दफनविधी नाही!"

अर्धी मंडळी हसली. शिवाप्पांनी पेटीचा भाता लावला आणि चहा न घेताच निघून गेले. पुढच्या रविवारी हसलेले एका किटलीपाशी, न हसलेले दुसरीपाशी. भेटल्यावरचा "सलाम"सुद्धा माणूस कुठल्या बाजूचा ते बघून व्हायला लागला.

पाळक रणजीत भालेरावांनी क्षमेवर चार प्रवचनं दिली. दोन्ही बाजूंना ती समोरच्यासाठीच आहेत असं वाटलं. शेवटी नोव्हेंबरात, देवाचे आभार मानण्याच्या उपकारस्तुतीच्या सणाआधी, त्यांनी नावांच्या चिठ्ठ्या टोपलीतून फिरवल्या. "ज्याचं नाव येईल त्याचे पुढच्या रविवारी इथे उभं राहून आभार मानायचे. पण गोष्ट खरी हवी."

वसुमतीबाईंनी चिठ्ठी उघडली. शिवाप्पा घाटगे.

त्यांनी शेजारणीला चिठ्ठी बदलून मागितली. ती म्हणाली, "नको गं अक्का, मला पाळकबाई आल्यात. त्यांचा केक खाल्लाय मी, माझं सोपं आहे."

आठवडाभर बाई राजाजीनगरच्या घरात येरझाऱ्या घालत होत्या. सून संध्या म्हणाली, "त्यांचे बूट नेहमी चकचकीत असतात, ते म्हणा."

"उपासनेत बुटांचे आभार मानू?"

शनिवारी बाई भाजी निवडता निवडता सणाचं गीत म्हणायला लागल्या, पेटीशिवाय, आपल्या जुन्या झपाट्यात. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाल्यापासून छाती पूर्वीची राहिली नव्हती. दुसऱ्या कडव्यालाच दम लागला, खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली, या खेपेला शिवाप्पांसारखी, रटाळ. तीन कडवी न अडखळता पार पडली. बाईंना कारलं चावल्यासारखं झालं.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. "शिवाप्पाअण्णा पेटी फार हळू वाजवतात," त्या म्हणाल्या. पाळकांनी डोळे मिटले. "म्हणून मला प्रत्येक ओळीत दोनदा श्वास घेता येतो. घाईत वाजवली असती, तर न्यूमोनियानंतर माझं गाणं सुटलं असतं. मी त्यांची आभारी आहे. आणि ईस्टरला बोलले ते चुकलंच माझं."

शिवाप्पा पेटीमागून उठले. "अक्का, खरं सांगू? मुद्दाम नाही वाजवत हळू. बोटं सुजतात. संधिवात. लाजेपोटी बोललो नाही."

बाईंमधली नर्स ताडकन जागी झाली. "दाखवा हात! औषध काय घेता? आणि सात महिने गप्प बसलात?" त्यांनी सगळ्यांसमोर शिवाप्पांची बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

उपासना संपल्यावर बाईंनी स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि शिवाप्पांचे हात त्यात बुडवले.

"अक्का, स्वल्प गरम आहे."

"सरी," बाईही कानडीत म्हणाल्या, "बरं बरं, सोसा जरा."

भोवती मंडळी गोळा झाली. कुणी एरंडेल सांगे, कुणी मेथ्या. एरंडेलवाले आणि मेथीवाले तावातावाने भांडू लागले. पण कोण ईस्टरला हसला होता आणि कोण नाही, याची आता कुणालाच आठवण नव्हती. पाळक मात्र दारात उभे राहून हळूच देवाचे आभार मानत होते.