ज्योतबाबांच्या कृपेचं वजन

"मेली! पुरती मेली टाकी!" सेक्रेटरी ओरडले, आणि सगळी वसाहत माना उंचावून बघू लागली.

हिरवळीवर मधोमध एक गॅसचं ग्रिल मांडलं होतं. टाकी जोडलेली, झाकण उघडं, आणि बर्नरवर करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत. तिच्यावर पापडसुद्धा भाजला नसता. वसाहतीत घरोघरी मागच्या अंगणात असं एक ग्रिल होतं, आणि गेल्या काही महिन्यांपासून घरोघरी हीच रड होती. टाकी आणावी, एखाददा वापरावी, की पुढच्या खेपेला ज्योत अशी रोडावते.

मेलेल्या टाक्या मंत्राने भरून देणारे ज्योतबाबा सावकाश उठले. पांढरे कपडे, तेल लावून बसवलेली दाढी, आणि चेहऱ्यावर सगळं जग आपलं देणेकरी असल्याचा भाव.

"टाकी मरत नाही, बाळांनो. माणसाचा विश्वास मरतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी ग्रिलचं पहिलं बटण बंद केलं. "हा अहंकार, बंद." दुसरं बटण. "हा लोभ, बंद." तिसरं. "हा संशय. हा सगळ्यात वाईट. बंद!" मग टाकीची चावी बंद करून त्यांनी रेग्युलेटर काढला. "ही मायेची गाठ, सुटली." मग डोळे मिटून पुटपुटणं सुरू झालं. ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांना फार खोल वाटत होतं.

पुटपुटून झाल्यावर बाबांनी रेग्युलेटर पुन्हा बसवला. "आता हाक मारायची. जोरात नाही हं. झोपलेलं बाळ उठवावं तशी." त्यांनी टाकीची चावी अगदी हळूहळू उघडली, एक बटण फिरवलं, काडी लावली, आणि भप्पकन हातभर जाळ उठला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणी डोळे पुसले. "भरली! टाकी भरली!" म्हणत सेक्रेटरी बाबांच्या पायाशी बसले ते उठेचनात. या गृहस्थांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, बायकोचं तर नाहीच.

गर्दीच्या कडेला एक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या दुसऱ्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि त्याच सकाळी धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. आईवडील गेल्यावर धाकटीला त्यांनीच वाढवलं होतं. 'टाकी बंद, बाहेरून काही आत गेलं नाही, मग भरली कशी?' हा प्रश्न त्यांच्या ओठांवर होता. तेवढ्यात पुढची टाकी बाबांसमोर आली. ती धाकटीच्या घरची होती. धाकटीच्या नवऱ्याने ती आणून ठेवली आणि हात जोडून तो बाजूला उभा राहिला.

अहंकार बंद झाला, लोभ बंद झाला, संशय बंद झाला. गाठ सुटली, बाळ उठवलं. काडी नुसतीच जळून विझली.

बाबांनी पुन्हा सगळं केलं. पुन्हा काडी विझली. तिसऱ्या खेपेला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि गर्दीत कुजबूज सुरू झाली. बाबांनी काड्यापेटी खाली ठेवली आणि त्या घरच्या माणसांवरून नजर फिरवली. नवरा. सासूबाई. धाकटी. तिथेच नजर थांबली.

"काळोख हिच्यात आहे," बाबा म्हणाले. "हिच्या पोटातली ज्योत टिकली नाही. टाकीतली कशी टिकेल?"

सहा महिन्यांपूर्वी धाकटीचं बाळ पोटातच गेलं होतं. पाचवा महिना होता. हे बाबांना कळलं कसं, असं कुणीही विचारलं नाही. उलट हे कळलं म्हणूनच बाबा खरे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शेजारणीने आपल्या कडेवरचं मूल पदराआड घेतलं. सासूबाईंनी हुंदका काढला. नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"आठवडाभर हिने चुलीला हात लावायचा नाही," बाबांनी फर्मान काढलं. "पुढच्या रविवारी मी सांगेन, हिला घरात ठेवायची की नाही."

"अहो, टाकी रिकामी असेल!" बाई ओरडल्या.

"शिकलेल्या दिसता," बाबा हसले. "भरल्या भांड्यात देव काय ओतणार?" गर्दीही हसली. सेक्रेटरी म्हणाले, "पाहुण्या आहात ना? पाहुण्यासारख्या राहा."

घरी गेल्यावर धाकटी स्वतःहून कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसली. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या जागेत. सासूबाईंनी तिचं ताट दाराशी ठेवलं आणि हात धुतले. नवरा आईला म्हणाला, "तिला सांग, जेवून घे म्हणावं." बायको चार हातांच्या अंतरावर बसलेली होती.

बाईंनी अंगणात जाऊन टाकी उचलली. ती नुसत्या पत्र्याइतकी हलकी होती. त्या तशाच आत आल्या. "अगं, ही ठार रिकामी आहे! काल कुणासाठी पेटवलं होतंस ग्रिल?"

"बाबा आणि त्यांची माणसं जेवायला होती," धाकटी म्हणाली. "सकाळपासून मी भाजत होते."

"म्हणजे बाबांनीच खाऊन संपवली ना टाकी!"

"सगळ्यांच्याच टाक्या रिकाम्या असतात, ताई. बाकीच्यांच्या भरल्या. माझीच नाही भरली." तिने गुडघ्यांत मान घातली. "ते खरंच बोलले गं. माझ्यातच काहीतरी आहे. बाळाला ते कळलं असेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागाने टाकी पेटत नाही. दुसऱ्या दिवशी त्या गॅसच्या डेपोत जाऊन टाकी भरून घेऊन आल्या, त्यांनी ती स्वतः जोडली आणि धाकटीला हाताला धरून बाहेर आणली. "पेटव. भरलेली आहे. तुझ्या हातानेच पेटू दे."

धाकटीने टाकीची चावी उघडली. काडी लावली. करंगळीच्या नखाएवढी ज्योत आली आणि तशीच राहिली.

धाकटी किंचाळली नाही, रडली नाही. "बघितलंस?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

खरं सांगायचं तर क्षणभर बाईंनाही बाबा खरे वाटले. माणूस कितीही शिकलेला असो, अशा वेळी अक्कल आधी पळ काढते आणि मग लाजून परत येते. बाईंची परत आली. टाकी भरलेली आहे, हे हाताला कळतं. नळी कुठे मुरगळलेली नाही. मग बाबा असं काय करतात, जे धाकटीने केलं नाही? मंत्र सोडला तर उरतं काय? बटणं बंद करणं, रेग्युलेटर काढून घालणं आणि चावी हळू उघडणं.

त्यांनी बटणांकडे बघितलं. तिन्ही उघडीच होती! धाकटीने पेटवताना ती फिरवलीच नव्हती, कारण ती मुळात बंदच नव्हती.

बाईंनी बटणं आणि चावी बंद केली, रेग्युलेटर काढला, थोडं थांबून पुन्हा बसवला आणि चावी हळू उघडली. हातभर जाळ! मग मुद्दाम चुकीचं केलं. बटणं उघडी ठेवून चावी एकदम फिरवली. पुन्हा नखाएवढी ज्योत. उलटसुलट कितीदा तरी करून बघितलं. पठ्ठा रेग्युलेटर एकदाही चुकला नाही.

शेजारणीला विचारल्यावर मूळ सापडलं. मध्यंतरी वसाहतीत कुणाची तरी नळी फुटली होती. तेव्हा सेक्रेटरींनी दवंडी पिटली, 'काम झालं की टाकीची चावी बंद करा.' वसाहतीने आज्ञा अक्षरशः पाळली. सगळे चावी बंद करू लागले आणि फक्त चावीच बंद करू लागले. ज्योत विझली म्हणजे झालं, बटणांना कोण हात लावतो?

बाईंनी हे सगळं धाकटीला करून दाखवलं. ती खिडकीतूनच बघत होती. "तुझा हात चांगला आहे, ताई," ती म्हणाली. बाईंना तेव्हा कळलं की हे अंगणात सुटणार नाही. जिथे तिला चारचौघांत काळं फासलं, तिथेच ते पुसावं लागणार.

रविवारी हिरवळ माणसांनी फुलली होती. टाकी भरते का यापेक्षा एका सुनेला घराबाहेर काढतात का, हे बघायला आलेलेच जास्त. बाई आल्या त्या बगलेत वजनकाटा मारून. मागे धाकटी, खाली मान घालून.

"बाबा," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मागच्या वेळी चुकले. आज म्हटलं, कृपा किती किलोची होते ते भक्तांना कळू दे."

"तराजू हा संशयाचा बाप आहे," बाबा घाईने म्हणाले.

पण सेक्रेटरींना ती कल्पना भलतीच आवडली. आपल्या टाकीवर इतरांपेक्षा जास्त कृपा होणार याची त्यांना खात्री होती. "मोजू द्या हो बाबा! शंकेखोरांची तोंडं बंद होतील!" गर्दीनेही "मोजा, मोजा" केलं. भक्तांनीच कोंडी केल्यावर बाबा कुठे जाणार?

सेक्रेटरींनी आपली 'मेलेली' टाकी काट्यावर ठेवली आणि आकडा स्वतः मोठ्याने वाचला. मग टाकी ग्रिलला जोडली. बाबांनी अहंकार, लोभ, संशय बंद केले, पुटपुटले, बाळ उठवलं. भप्पकन जाळ उठला. टाळ्या!

"आता बंद करून पुन्हा ठेवा काट्यावर," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी टाकी ठेवली. आकडा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. "तेवढंच आहे," ते कसेबसे म्हणाले.

"कृपेला वजन नसतं!" बाबा ओरडले.

"मग आत जळतंय काय?" बाईंनी विचारलं.

टाळ्या थांबल्या होत्या. बाईंनी संधी सोडली नाही. "या टाकीत गॅस आधीपासून होता. तुम्ही बटणं उघडी ठेवून चावी एकदम उघडता. गॅस धावत सुटतो. रेग्युलेटरला वाटतं नळी फुटली, म्हणून तो वाट आवळतो. तुमचा जीव वाचावा म्हणून केलेली सोय आहे ती! सगळं बंद करून, काढून पुन्हा लावलं की वाट मोकळी. मंत्राच्या वेळात रेग्युलेटर सावरतो, बाकी काही नाही." मग त्या वळल्या. "धाकटे, पुढे ये. शेजारणीची टाकी घे."

"ती नको!" सासूबाई किंचाळल्या. पण धाकटी पुढे आली. तिने शेजारणीची टाकी ग्रिलला जोडली, बटणं बंद केली, चावी बंद केली, रेग्युलेटर काढला.

"आता मंत्र," बाई म्हणाल्या. "म्हण, बे एके बे."

धाकटीने बेचा पाढा म्हटला. शेवटपर्यंत म्हटला. मग तिने रेग्युलेटर बसवला, चावी हळू उघडली आणि काडी लावली. त्या काळोख्या, करंट्या म्हटलेल्या हाताखाली बाबांच्या जाळाइतकाच जाळ उठला.

मग जे झालं तेही फार शोभेचं नव्हतं. पाया पडायला जे पुढे होते, तेच मारायला पुढे झाले. सेक्रेटरींनी बाबांची दाढी धरली. बाईंनी मध्ये पडून ती सोडवली. "आधी बोलू द्या त्याला," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. "कुठे शिकलात हे?"

"ग्रिलच्या दुकानात दुरुस्तीला होतो," बाबांचा आवाज एकदम साधा झाला होता. "रोज घसा फोडून सांगायचो, आधी बटणं बंद करा. पालथ्या घड्यावर पाणी. अहंकार बंद करा म्हटलं तर लोक पायाशी बसले."

"आणि माझी बहीण?"

"टाकी खरंच रिकामी निघाली. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं. बाळाचं आदल्या दिवशी जेवताना सासूबाईंनीच सांगितलं होतं."

"पण तीच का?"

बाबांनी खांदे उडवले. "बाकीचे माझ्याकडे बघत होते. ती खाली बघत होती."

सासूबाई घराकडे निघून गेल्या. धाकटीने बहिणीचा हात धरला. "मग ताई, बाळ का गेलं?"

"डॉक्टरांनाही कळलं नाही, मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण माहीत नाही म्हणून तिथे तुझं नाव लिहायचं नसतं."

"बाबाने कारण तरी दिलं होतं," धाकटी म्हणाली आणि आठवड्यात पहिल्यांदा मोठ्याने रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं.

तेवढ्यात नवरा पुढे आला. "झालं गेलं विसरा, ताई. तिला सांगा, घरी चल म्हणावं."

धाकटीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघितलं. "त्या दिवशी टाकी तुम्हीच उचलून आणलीत ना? हलकी नाही लागली?"

त्याची नजर पुन्हा बुटांवर गेली. मग म्हणाला, "लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे बघत होते."

"मी पण मान वर करून बघत होते," धाकटी म्हणाली. "तुमच्याकडे." आणि ती बहिणीबरोबर निघाली.

वाचकहो, रेग्युलेटरच्या पोटात काय असतं हे प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवं असं नाही. ते विचारता येतं, शिकता येतं. पण हाताला जे हलकं लागलं त्याला चारचौघांत हलकं म्हणायला कुठलीही पदवी लागत नाही. त्या पहिल्या रविवारी एका माणसाने तेवढं एक वाक्य उच्चारलं असतं, तर एक बाई आठवडाभर स्वतःला आपल्या बाळाची खुनी समजून भिंतीला टेकून बसली नसती. बाबा येतील, जातील, नवे येतील. तुमच्या हाताला जे कळतं ते तोंडाने बोला, आणि कुणाचा तरी बळी जाण्याआधी बोला.