चौऱ्याऐंशी ठोकळ्यांची राजधानी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. रायपूरच्या शंकर नगरात, एका भाड्याच्या घरात, लोखंडी कपाटाशेजारी जमिनीवर माझी जागा आहे. माझ्या पोटात ठोकळे आहेत. पूर्वी ते मोजून चौऱ्याऐंशी होते, आता ऐंशीच्या आतबाहेर असतील. माझ्या झाकणाची एक बिजागरी तुटली आहे आणि कडेला कुणीतरी खिळ्याने आपलं नाव कोरून ठेवलं आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, बिचारीची काय दशा झाली. बिचारी म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. आधी माझी हकीकत ऐका, मग काय ते म्हणा.

मला घडवणारे श्यामराव रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात सुतार होते. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांचा मुलगा शिशिर चार वर्षांचा झाला, तेव्हा त्यांनी लाकडाच्या टालेवरून, म्हणजे वखारीतून, सागाचे आणि सालवृक्षाचे उरलेसुरले तुकडे आणले. कामावरून आले की चहा घेऊन ते क्वार्टरच्या ओट्यावर बसत आणि एकेक तुकडा कापून, रंधून, घासून तयार करत. प्रत्येक ठोकळ्याची कड ते स्वतःच्या गालावर फिरवून पाहत. त्यांच्या पत्नी वनमालाबाई हसून म्हणत, "दाढी करून राहिले का ठोकळ्यानं?" श्यामराव म्हणत, "पोट्ट्याले टोचलं नाही पाहिजे." सगळे ठोकळे झाल्यावर ते ठेवायला मला बनवलं, झाकण लावलं आणि वर तेलाचा हात फिरवला.

त्यानंतरची सहा-सात वर्षं माझी फार मजेत गेली. शिशिरने माझ्यातून पूल बांधले, आगगाड्या केल्या, एकदा तर स्वतः आत बसता येईल एवढी भिंत उभारली. पुढे त्याला क्रिकेट आवडू लागलं, मग परीक्षा आल्या, मग नोकरी. मी कपाटावर चढले आणि तिथेच राहिले. धूळ बसते ती हळूहळू बसते, त्यामुळे आपण विसरले गेलो आहोत हे कळायलाही बराच वेळ लागतो.

मात्र वर्षातून एक दिवस माझाही असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, श्यामराव आपली अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडत. करवत, रंधा, वाकस, पटाशी, गुण्या. त्यांना हळदकुंकू लागे, झेंडूची फुलं वाहिली जात. आणि त्या सगळ्यांच्या ओळीत श्यामराव मलाही बसवत. कपाटावरून मला खाली काढायला त्यांना तेवढंच एक निमित्त होतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी फुगून जात असे. रंध्याच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळणं ही काय लहानसहान गोष्ट आहे? तिथे बसून मी स्वतःला अवजारच समजू लागले.

या पूजेचा एक कडक नियम होता. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत कोणत्याही अवजाराला हात लावायचा नाही. फार वर्षांपूर्वी नवमीच्याच दिवशी शेजारच्या नत्थूच्या बाजेचा पाय मोडला होता. त्याने फारच गयावया केली, म्हणून श्यामरावांनी पाटावरचा लाकूड तासायचा वाकस उचलला. वाकस निसटला आणि त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं. तेव्हापासून त्या घरात नवमीच्या दिवशी साधा भाजी कापायचा विळाही जपून हाताळला जाई.

पुढे श्यामराव निवृत्त झाले आणि सगळं घर क्वार्टर सोडून शंकर नगरात आलं. त्यांना सगळे आबा म्हणू लागले, कारण शिशिरला मुलगी झाली होती. तिचं नाव ज्ञानदा. मग नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर त्याची राजधानी झालं. शिशिर सरकारी कार्यालयात होता, त्याच्यामागे फाइलींचा असा ससेमिरा लागला की सुट्टीच्या दिवशीही तो घरी दिसेना. जुन्या राजधानीतून, भोपाळहून, बदली होऊन आलेल्या कुटुंबांनी आजूबाजूची घरं भरून गेली.

ज्ञानदाच्या वर्गातही निम्मी मुलं भोपाळची आली. ती आपल्या शहरातल्या मोठ्या तलावाबद्दल, टेकड्यांबद्दल बोलत आणि विचारत, "तुम्हारे यहाँ क्या है? राजधानी है कहाँ?" घरी येऊन ज्ञानदाने बाबाला तेच विचारलं, तर तो बूट काढता काढता म्हणाला, "बनून राहिली बेटा." शाळेत मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खात होती, हे फक्त तिच्या आईला, सुनीतीला, माहीत होतं.

सातवा वाढदिवस जवळ आला तेव्हा सुनीतीने विचारलं, "ज्ञानू, काय करायचं यंदा? हॉटेलात जायचं?" ज्ञानदाने वर कपाटाकडे बोट दाखवलं. "मले ते ठोकळे पाहिजे. सबको बुलाऊंगी. सगळे मिळून राजधानी बनवू."

मित्रांनो, त्या एका वाक्याने माझ्या लाकडात ओल आली असती, इतका मला आनंद झाला. मला खाली उतरवलं गेलं. पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आबांनी ठोकळे मोजले. सात वर्षांची होणार म्हणून प्रत्येकाला सात ठोकळे द्यायचं ठरलं. सात बारे चौऱ्याऐंशी, म्हणून बारा मुलं. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे विटेएवढे कापून, गेरूने रंगवून त्यांची आमंत्रणं झाली. सुनीतीने सदर बाजारातून फिती आणल्या. खायला आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, आणि चिवडा ठरला. केक चौकोनीच हवा, असा ज्ञानदाचा हट्ट होता. आणि दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत आमंत्रणं वाटून ती घरी आली, तेव्हा बारातल्या अकरा जणांनी येतो म्हणून सांगितलं होतं. अनुश्री नावाच्या भोपाळच्या मुलीने तर विचारलं होतं, "मंत्रालय मैं बनाऊँ?"

वाढदिवस नेमका खंडेनवमीला येत होता. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही अडचण दिसली नाही. सकाळी पूजा, संध्याकाळी पार्टी. चूक झाली ती माझ्याबाबतीत. ज्ञानदाच्या लेखी मी तिच्या पार्टीची पेटी होते आणि वनमाला आजींच्या लेखी वीस-बावीस वर्षं पूजेला बसणारं एक अवजार. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही, कारण दोघींनाही आपलंच उघड वाटत होतं.

आदल्या दिवशी आबांनी अवजारांना तेल लावलं. ज्ञानदानेही शेजारी बसून मला आणि एकेका ठोकळ्याला तेल चोळलं, आणि मला अवजारांजवळच ठेवून ती झोपायला गेली. सकाळी आबा फुलं आणि केक आणायला गेले. फुलं लवकर मिळेनात. मुहूर्त टळायला नको म्हणून आजींनी दारातली झेंडूची सगळी फुलं तोडली, शिशिरला पाटावर बसवलं, आणि नातीचा वाढदिवस म्हणून मला मोठ्या कौतुकाने बरोबर मधोमध ठेवलं. झाकण उघडून ठोकळ्यांनाही कुंकू लावलं. शिशिरने घाईघाईत आरती केली आणि तो ऑफिसात निघून गेला. मी फुलांनी झाकले गेले होते. खरं सांगते, तेव्हा मला जरा बरंही वाटलं.

ज्ञानदा अंघोळ करून नवा फ्रॉक घालून बाहेर आली. ती आधी अंगणात गेली. तिथे तिने आदल्या दिवशी खडूने राजधानीचा नकाशा काढला होता. रस्ते, स्टेशन, तळं, मंत्रालयाची जागा. मग ती मला न्यायला आली आणि पाटापाशी थांबली. नियम तिला माहीत होता.

"आजी, पेटी काहून ठेवली?"

"दरसाल ठेवतो ना बेटा," आजी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं. "बाई गं. हे काय केलं मी."

सुनीती स्वयंपाकघरातून आली. तिने आजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "उचलून घेऊ का, आई? एवढ्यानं काय होते?"

"नको," आजी म्हणाल्या. "करंगळी पाहिली ना त्यांची? आज वाढदिवस आहे पोट्टीचा. आज तर नकोच."

तेवढ्यात आबा आले. हातात केकचं खोकं, खांद्याला फुलांची पिशवी. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी केकचं खोकं जपून खाली ठेवलं. मग म्हणाले, "पूजेत बसलं म्हणजे बसलं."

ज्ञानदा रडली नाही. तिने हात जोडून पाटाला नमस्कार केला आणि विचारलं, "मी हात नाही लावत आबा. पण ते लोक आले तर त्यायले काय सांगू?" सुनीती म्हणाली, संगीत खुर्ची खेळू, पासिंग द पार्सल खेळू. ज्ञानदा मान डोलावून "हव" म्हणाली आणि बाहेर गेली.

फुलांच्या ढिगाखाली बसून मला सगळं दिसत होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती. ज्या मुलीने पंधरा दिवस मला जीव लावला, तिच्याच आड मी येऊन बसले होते. एवढा मान मिळाला, त्याचं मी काय करणार होते? उद्या सकाळी फुलं निर्माल्यात गेली असती आणि मी परत कपाटावर. आणि शाळा उघडल्यावर मधल्या सुट्टीत ती पुन्हा एकटी.

थोड्या वेळाने आबा पाणी प्यायला उठले आणि त्यांची नजर दारातून अंगणात गेली. ज्ञानदा नवा फ्रॉक वर खोचून, ओलं फडकं घेऊन नकाशा पुसत होती. तळं पुसून झालं होतं. आता ती स्टेशन पुसत होती.

आबांनी भांडं खाली ठेवलं. ते येऊन माझ्यासमोर बसले.

"हे अवजार आहे का?" त्यांनी विचारलं. आजींना वाटलं, आपल्यालाच विचारलं.

"तुम्हीच तर बसवता दरसाल."

"मीच बसवतो," आबा म्हणाले. "शिशिर खेळेना झाला, मले पाहवेना. वर्षातून एकदा तरी खाली निघावं म्हणून अवजारात बसवत गेलो. आपण केलेलं काम असं धूळ खात पडलं की जिवाले लागते. पण हे अवजार नाही. यानं मी कधी एक खिळा ठोकला नाही. खेळणं आहे हे."

"आणि करंगळी विसरले का?"

"विसरतो कसा? करंगळी वाकसानं गेली. तो तिथंच बसला आहे, त्याले मी हात लावत नाही. ठोकळ्यानं आजवर कोणाचं काही गेलं नाही." ते आजींकडे वळले. "तू म्हणशील तर उचलतो. नाही म्हणशील तर राहू दे."

आजींनी पदराने डोळे पुसले. मग त्यांनी स्वतःच माझ्यावरची फुलं एकेक करून काढली आणि रंध्यापुढे ठेवली. "न्या," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांचा माझा मान असा एका वाक्यात गेला. वाकस, पटाशी, करवत ऐटीत पाटावर बसून राहिली आणि मला आबांनी काखोटीला मारून अंगणात आणलं. ज्ञानदाच्या पुढ्यात मला ठेवून ते म्हणाले, "पुसू नको आता. घे, ही तुहीच आहे."

चार वाजता मुलं आली. अकरा सांगून तेरा आली, कारण दोघांनी आपापली धाकटी भावंडं आणली होती. सात बारेचा हिशेब कोलमडला आणि ठोकळ्यांवरून थोडी ओढाताण झाली. अर्धा नकाशा पुसला गेलेला पाहून अनुश्री म्हणाली, "तालाब कहाँ गया?" ज्ञानदाने तिच्या हातात खडू दिला. अनुश्रीने तळं काढलं ते इतकं मोठं काढलं की रस्ता त्यात बुडाला, मग त्यावर पूल बांधावा लागला. मंत्रालय तीनदा पडलं. ठोकळ्यांवरचं ओलं कुंकू सगळ्यांच्या बोटांना, गालांना लागलं. सुनीती आलूगुंड्यांची परात घेऊन उभी होती, पण कुणाला खायची शुद्ध नव्हती. तिन्हीसांजेला शिशिर आला. त्याने चपला दारात काढल्या, शर्ट खोचलेला तसाच ठेवून तो जमिनीवर बसला आणि कुणालाही न विचारता पुलाचे खांब सरळ करू लागला. औक्षणासाठी ज्ञानदाला तीन वेळा हाक मारावी लागली.

शाळा उघडल्यावर तिने डबा कुणाबरोबर खाल्ला ते मला ठाऊक नाही, मी शाळेत जात नाही. पण पुढच्या रविवारी अनुश्री आली आणि दुपारभर मंत्रालय बांधत बसली, एवढं मी पाहिलं.

त्यानंतर मी कपाटावर गेले नाही. माझ्या अंगावरचं नाव अनुश्रीच्या धाकट्या भावाचं आहे. दोन ठोकळे तळ्यात पोहतात का ते पाहायला खऱ्या तळ्यात गेले आणि परत आले नाहीत. बिजागरी कुणी तोडली ते मला माहीत आहे, पण मी चुगली करत नाही. आबा कधीमधी एखाद्या ठोकळ्याची झिजलेली कड गालावर फिरवून पाहतात.

मित्रांनो, खेळून झालं की आम्हांला उचलून जागेवर ठेवा, पावसात अंगणात टाकून जाऊ नका, एवढं मागणं तर माझं आहेच. पण त्याआधीचं मागणं मोठं आहे. तुमच्या घरी कपाटावर एखादी जपून ठेवलेली पेटी असेल, तर तिला खाली काढा आणि दारातल्या चार मुलांना हाक मारा. मोडेल, हरवेल म्हणून घाबरू नका. मला विचाराल तर मी मोडले ती खेळताना मोडले, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. खंडेनवमी दरवर्षी येते, अवजारं पाटावर बसतात, त्यांना कुंकू लागतं. मला आता त्या दिवशी कुणी पूजेला बोलावत नाही. मला सवडही नसते, अंगणात मुलं वाट पाहत असतात.