चौकटीच्या डावीकडे

“कोणी विचारलं तर सांग. न विचारता सांगत फिरू नकोस.”

आईचा तो आवाज पेमियाला ऐकू आला तेव्हा ती नदीपलीकडच्या गावात, मूर्तिकाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या मातीच्या आईसमोर उभी होती. देवाघरी जाण्याआधी चार दिवस, सुपात तांदूळ निवडता निवडता आई ते बोलली होती आणि पेमियाने मान हलवून कबूल केलं होतं. त्याला एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? सगळ्यांना सगळं ठाऊकच होतं.

मूर्तिकार क्रिसान्तोने फडक्याचं शेवटचं टोक ओढलं. मांड्यांपर्यंत पँट दुमडलेले सेनेटर आल्दाबा, आणि त्यांच्या पाठीवर भिजलेल्या केसांची, तोंड उघडलेली बाई. मागच्या फळीवर पुरातला तोच फोटो चार ठिकाणांहून कापून टाचला होता: कॅलेंडरमधून, शाळेच्या पुस्तकातून, टपालाच्या तिकिटावरून आणि एका परदेशी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून.

“बघा, मानाय पेमिया, बघा!” वस्तीचा निवडून आलेला कप्तान व्हेनान्सियो म्हणाला. थोरल्या बाईला आमच्याकडे मानाय म्हणतात. तोच तिला मोटरबोटीत बसवून घेऊन आला होता. “तुमची आई आता चौकात उभी राहणार. ब्राँझची. कबुतरांनी काय केलं तरी हलायची नाही.”

पेमिया हसली नाही.

“शनिवारी पडदा सरला की तुम्ही पुढे यायचं, मूर्तीच्या पायाला हात लावायचा आणि दोन शब्द आभाराचे. आणि जरा घशातून बोला हो. तुमचा तो देवाशी बोलायचा आवाज नको, माइकसुद्धा कान टवकारतो.”

“बोलेन,” ती म्हणाली. तेवढंही माश्यांच्या घोंघावण्यात बुडालं.

क्रिसान्तो चाळिशीचा, अबोल गडी. तो अंगठ्याने मातीच्या गळ्यावरची एक शीर दाबत होता, पुन्हा उचलत होता. शेवटी त्याने हात पुसले.

“मानाय, एक विचारू का? उद्या सकाळी आठला मी साचा घेणार. मग हे तोंड बदलता येणार नाही.”

“विचार ना.”

“फोटोला एकच बाजू असते. मला माणूस चारी बाजूंनी उभं करायचंय. सगळे म्हणतात, ती मरियामातेचं स्तोत्र गात होती. मी बायकोला आरशापुढे बसवून तेच स्तोत्र दहा वेळा गायला लावलं. गाताना मान अशी ताणत नाही. जबडा असा पुढे येत नाही.” तो फळीपाशी गेला आणि साप्ताहिकातल्या फोटोवर बोट टेकवलं. “आणि नजर. सेनेटरकडे नाही, आभाळाकडे नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. डावीकडे आहे. फोटो जिथे संपतो, त्याच्या बाहेर. तिथे काय होतं?”

पेमियाचे ओठ उघडले. खिशातल्या जपमाळेचा एक मणी तिच्या बोटांत रुतला.

“डावीकडे?” कप्तानच बोलला. “डावीकडे चर्च! दुसरं काय असणार? दारातली माता दिसली असेल पाण्यातून. हो ना, मानाय?”

क्रिसान्तो कप्तानकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

“असेल,” पेमिया म्हणाली.

आमच्याकडे चारचौघांत कुणाला तोंडघशी पाडत नाहीत. पाहुण्याने मीठ कमी म्हटलं तर आपणही कमीच म्हणायचं. त्या सवयीनेच ते ‘असेल’ तिच्या तोंडून निसटलं. क्रिसान्तोने मान हलवली आणि फडकं पुन्हा ओलं करायला घेतलं.

परतीच्या बोटीत ती नेहमीसारखी मधल्या फळीवर बसली, हात मांडीवर. नदीकाठी जन्मलेली ही बाई कधी वल्ह्याला हात लावत नाही, यावर वस्तीत थट्टा चाले. “मानायला वाटतं, वल्हं म्हणजे पाप,” असं पोरीबाळी म्हणत. ती ऐकून घेई.

धक्क्यापाशी शाळेत शनिवारची तालीम चालली होती. एक मुलगा वाकून उभा, त्याच्या पाठीवर पांढरे केस लावलेली मुलगी, आणि बाई ओरडून सांगत होत्या, “तोंड मोठं उघड! आजी गातेय, आजी! पुरातसुद्धा गाणारे लोक आहोत आपण!”

आजी. आई तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. चार दिवस पाण्यात उभी राहून ती सत्तरीची दिसायला लागली, आणि देशाने तिला आजी केलं.

घरी येऊन पेमियाने चूल पेटवली. भात रटरटायला लागला तरी ती हातात लाकूड तसंच धरून बसली होती. आग तिच्या बोटांपाशी आली तेव्हा कुठे तिने ते टाकलं.

पुराच्या त्या दिवशी वस्तीत बोट एकच होती. बाप दूर खाणीवर. धाकट्या भावाचे, तीन वर्षांच्या तोन्यिंगचे डोळे तापाने पांढरे झाले होते, आणि अकरा वर्षांच्या पेमियाच्या मांडीवर तो निखाऱ्यासारखा पडला होता. आई गुडघाभर पाण्यातून बोट ढकलत होती. पुढच्या वळणावर पाणी खोल होतं. तिथे पोचलं की आईने आत चढायचं, पेमियाने वल्हवायचं. तेवढ्यात सेनेटरची माणसं आली. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एकाने आईला दंडाला धरून बाजूला नेलं. आईला वाटलं, मदत आली.

“बोट मागे घ्या! बोट दिसली तर उचलून न्यायला अर्थ काय राहिला?”

सेनेटरने आईला पाठीवर घेतलं. दहा पावलं चालले. उजेड बरोबर नव्हता. पुन्हा दहा पावलं. कोणाची तरी सावली पडली. पुन्हा. शिट्टीवाल्याने पेमियाकडे बोट रोखलं होतं, “ए मुली, हलायचं नाही! वल्हं खाली ठेव!” आणि तिने वल्हं खाली ठेवलं होतं. ती सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती. शाळेत तिला त्याचंच बक्षीस मिळालं होतं.

तिसऱ्या वेळी पाठीवरून आई ओरडली. फोटो निघाला तो त्याच क्षणी.

“वल्हव, पेमिया! वल्हव!”

आईची नजर तिच्यावर होती. तिची शिट्टीवर. ती बसून राहिली.

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं. आईने तोन्यिंगला झग्यात गुंडाळलं. पेमियाला ती त्या दिवशी काही बोलली नाही, आणि पुढे कधीच नाही.

त्या एका फोटोवर आल्दाबा देशाचे अध्यक्ष झाले. फोटो वर्गावर्गांत लागला. दर नाताळात आईला त्याचंच कॅलेंडर येई आणि ती ते उलटं करून भिंतीच्या भेगेवर चिकटवी. साप्ताहिकाने खाली छापलं होतं, हे लोक बुडतानाही गातात. मग परदेशी पाहुणे आले, आमचे हात हातात घेऊन म्हणाले, किती सोशिक, किती हसरे. नदीचा बांध तीनदा जाहीर झाला आणि तीनदा बारगळला. मंत्री हसून म्हणाले, आमची माणसं पाण्याला भीत नाहीत, गातात. पुढल्या पुरात अकरा गेले. त्यांच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना पेमियानेच सांगितल्या. घराघरांत मृतांच्या शेजारी तो फोटो होता आणि बायका त्यालाही मेणबत्ती लावत होत्या. ती प्रत्येक घरी हळूच मेणबत्ती उचलून मरियेपुढे सरकवायची. एवढंच काय ते तिचं भांडण.

न केलेली प्रार्थना आईच्या तोंडात घातली, आणि एकोणपन्नास वर्षं सगळा देश तिला आमेन म्हणत आला. आज तिनेही म्हटलं होतं. असेल.

भात करपल्याचा वास आला. पेमियाने पातेलं उतरवलं आणि ते जमिनीवर इतक्या जोरात आपटलं की शेजारची कोंबडी फडफडत कुंपणाबाहेर गेली. मग तिने आवाज न करता सांडलेली शितं वेचली.

पहाटे उठून ती देवापुढे बसली. तोन्यिंग गेल्यापासूनचा तिचा नेम होता: जपमाळ पुरी होईपर्यंत कोणाशी एक शब्द नाही. पहिल्या मण्यावर ‘मरिये, तुला प्रणाम’ म्हटलं आणि पुढचा शब्द येईना. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच मण्यावर अडली. मग माळ खिशात टाकून ती उठली आणि घाटाकडे उतरली.

शेजारची सालुद पाण्याच्या कडेला मासे साफ करत होती. इतक्या लवकर मानाय बोलत नाही हे ठाऊक असल्यामुळे ती आपली सवयीने एकटीच बडबडली, “झाली वाटतं जपमाळ आज लवकर.”

“नाही झाली,” पेमिया म्हणाली.

सालुदच्या हातातली सुरी थांबली.

“अगं बाई! बरं आहे ना सगळं? निघालात कुठे?”

“मूर्तिकाराकडे. आठच्या आत.”

“आणि नेणार कोण? मोटरबोट गेली मासे घेऊन. माझ्या नवऱ्याला उठवू का?”

“झोपू दे त्याला. तुमची लहान बोट नेते.”

“तुम्ही?” सालुद हसायलाच लागली. “मानाय, ती काही प्रार्थनेवर चालत नाही हो! एवढी कसली घाई?”

“त्यानं विचारलंय,” पेमिया म्हणाली.

तिने दोर सोडला. मधली फळी ओलांडून ती मागच्या टोकाला बसली आणि तळाशी पडलेलं वल्हं उचललं. ते आठवत होतं त्यापेक्षा जड होतं. पहिल्या दोन फटक्यांना बोट जागच्या जागी गोल फिरली आणि काठावरून सालुद काहीतरी ओरडली. पेमियाने वळून पाहिलं नाही. तिसऱ्या फटक्याला बोटीचं तोंड पलीकडच्या काठाकडे सरळ झालं.