बादलीतला साका

पल्लवीचा जीव कालपासून त्या बादलीत अडकला होता. पडवीत बसली की उठायची, उठली की झाकण काढून बघायची, झाकण ठेवून आत जायची आणि लगेच पुन्हा बाहेर यायची. रसायनशास्त्र शिकलेली पोरगी एका बादलीभोवती अशा घिरट्या घालते, याचं तिच्या आईला, भागिरथाबाईला, हसू येत होतं.

शेलूबाजारजवळच्या रसाच्या कारखान्याने फेकलेल्या संत्र्याच्या सालींचं पाणी होतं ते. साली चुन्याच्या निवळीत भिजवायच्या, गाळायच्या, त्या पाण्यात लिंबूसत्व घालायचं आणि वाट बघायची. मग तळाशी पिवळट साका बसतो. रक्तवाहिन्यांच्या आजारावरच्या गोळ्यांत तोच वापरतात. एका औषध कंपनीने त्याचा नमुना मागवला होता. तो पसंत पडला तर पल्लवी गावातच काम सुरू करणार होती. नमुना आज रवाना झाला नाही, तर सोमवारी पुण्याच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. कारखान्याचा हंगाम संपलेला, म्हणजे साली आता काही महिने मिळायच्या नव्हत्या.

सकाळी तळाशी चांगला जाड थर दिसला. स्वच्छ बाटली आणायला ती शेलूबाजारला पळाली. जाता जाता आईला बजावलं, “बादलीतलं पाणी सांडू देऊ नको. मले लागते.”

आता आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावातली बाई पाणी कसं सांभाळेल? तुरटी फिरवून गढूळ पाणी नितळ करण्यात भागिरथाबाईचा जन्म गेला होता. पल्लवी धापा टाकत परतली, तर बादली घासून पालथी घातलेली आणि नितळ पाणी घागरीत, वर धुतलेलं फडकं बांधून.

“थेंब नाही सांडू देला,” भागिरथाबाई म्हणाली. “खाली लय गाळ होता, तो निंबाच्या बुडाशी फेकला.”

पल्लवी अंगणातल्या कडुनिंबाखाली धावली. नखांनी उकरलं, तर हाताला नुसता चिखल आला. तिला आईचा भयंकर राग आला, आणि त्यापाठोपाठ स्वतःची लाज वाटली. सोबत काम करणार असलेल्या बचत गटांच्या चाळीस बायांना तिने हे सारं फळ्यावर काढून समजावलं होतं. आईला काय कळणार, म्हणून घरात तेवढं सांगायचं राहिलं होतं. ते तिने आता चिखलात बसून सांगितलं, अगदी पुण्याच्या नोकरीपर्यंत.

भागिरथाबाईने घागरीवरचं फडकं सोडलं, बांधलं, पुन्हा सोडलं.

“म्हणजे तुले पुन्याले म्याच धाडलं,” ती म्हणाली.