हाताला कळत नाही

“मॅडम, तुम्ही म्हणजे मालिश करता का?”

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या बाकावरच्या निकितानं लावली होती. दहावीला आल्यापासून मला उभं राहून बोलायचं वेडच लागलंय, म्हणून विचारलं. सोलापूरहून फिजिओथेरपीच्या मॅडम शाळेत माहिती सांगायला आल्या होत्या. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. आमच्याकडं मालिश म्हटलं की पोरांना एक तर हायवेवरचा बोर्ड आठवतो, नाहीतर सरांची मालिश करत फिरणारा मॉनिटर.

मॅडम हसल्या नाहीत. “करते की. तुमच्या घरी काय म्हणतात त्याला?”

“चोळणं,” मी म्हणाले. “माझी आई चोळते. बाळं आणि बाळंतिणी. निम्मं अणदूर गाव तिच्या हातचं आहे.”

इतक्या मोठ्यानं मी हे पहिल्यांदाच बोलले आणि लई भारी वाटलं. आई रस्त्यानं चालली की मोटारसायकलवरच्या मिसरूड फुटलेल्या पोराकडं बोट दाखवून म्हणते, “ह्याला म्या चोळलंय.” तो बिचारा गाडी पळवतो. निकितालाही तिनंच चोळलंय, त्यामुळं ती गप्प बसली.

“सारखं चोळून मनगटातली नस दबते. आईच्या बोटांना मुंग्या येतात का गं?” मॅडमनी विचारलं. “हातातून वस्तू पडतात?”

“नाही,” मी म्हणाले.

खाली बसले आणि मग आठवलं. फुटलेली कपबशी. उलथलेली तेलाची वाटी. सुई ओवायला ती मला हाक मारते, ते डोळ्यांमुळं असेल असं मी धरून चालले होते.

रविवारी आईच्या मागं लागून गुंडप्पाआजोबांच्या घरी गेले. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आई न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसली, पायांवर बाळ घेतलं आणि चोळू लागली. छातीवरून खांद्याकडं, खांद्यावरून मुठीकडं. बाळाची मूठ आपोआप उघडली. काहीच चुकत नव्हतं. असली पैज लावून डोक्यात किडा सोडला म्हणून मी निकिताला मनातल्या मनात शिव्या घातल्या, उगीच.

दगडाबाई, म्हणजे बाळाची आजी, कढत पाण्याची बादली ठेवून गेल्या. आईनं गार पाण्याचं विसण घातलं, बोटं बुडवली आणि म्हणाली, “झालं कोमट.” तांब्या भरून उचलला.

मी सहज बादलीत हात घातला आणि लगेच ओढून घेतला.

“आई, थांब!”

मी तांब्या धरला. त्यातलं थोडं पाणी तिच्या पावलावर सांडलं, तसा तिनं पाय आखडला. पावलाला कळलं. हाताला नाही.

“काय गं झालं?” दगडाबाई दारातून.

“काय न्हाय, मामी,” आई म्हणाली. “विसण कमी पडलं जरा.”

मी आणखी गार पाणी ओतलं. बाळाची आंघोळ झाली. दगडाबाई बाळाला गुंडाळताना म्हणाल्या, “तुझ्या आईच्या हाताला पारख हाय बघ. शिकून घे.”

एरवी मी चार वाक्यं बोलले असते. तेव्हा नुसता रिकामा तांब्या बादलीत ठेवला. भीतीही वाटली नाही, रागही आला नाही. आई बाळाला धुरी देत होती आणि मी ओव्याचा धूर बघत बसले होते. माझी बोटं लाल झाली होती, तीही दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी दिसत होती.

परत येताना विचारलं, “कधीपासून?”

“दिवाळीपासनं. आधी मुंग्या यायच्या, तवा बरं होतं. आता त्या बी येत न्हायत.”

“मग पाणी कसं बघतेस?”

“वाफ बघून. आज न्हाणीत वारं लई होतं.”

आम्ही पुढं चालत राहिलो. खंडोबाच्या देवळापाशी ती म्हणाली, “तू येत जा संगं. पाणी तेवढं तू बघ. कुणाला कळायचं न्हाय. चोळायला काय, हात जातात आपोआप.”

“बाळाचं अंग कळतं का गं हाताला?”

तिनं पदर सारखा केला. “दिसतंय की.”

“कळतं का?”

“न्हाय. पण सांगितलं तर मला कोण बोलवंल, शिवे? चोळणारीच म्हणतेत मला. दुसरं काय म्हणतेल?”



घरी माझे वडील, अप्पा, जेवत होते. ते नळदुर्गच्या ढाब्यावर भट्टी सांभाळतात, रविवारी उशिरा जातात. आई त्यांना भाकरी वाढत म्हणाली, “शिवप्रिया उद्यापासनं माझ्याबरोबर येनार हाय. काम शिकंल.”

“येऊ दे की,” अप्पा म्हणाले. “शाळंत नुसती भाषणं ठोकती म्हणं. जरा हात बी चालवू दे.”

आईनं माझ्याकडं बघितलं. बोलू नको, एवढंच त्या बघण्यात होतं. तिच्या हातातली भाकरी ताटाच्या बाहेर पडली. तिनं ती खाली बघून उचलली, चाचपून नाही.

वर्गात उभी राहते तशी मी उभी राहिले.

“मी जाईन, अप्पा. पण उद्या आंघोळीआधी दगडाबाईआजींना सांगणार, आईच्या बोटांना गरम-गार कळत नाही, पाणी मी बघते. त्या नको म्हणाल्या तर नको. आणि नंतर शाळा बुडवून आईला सोलापूरला त्या मॅडमकडं नेणार. तुम्ही पण यायचं.”