शेपटीचा कल

नवऱ्याच्या कोंबड्यांना नावं ठेवण्यात फुसाएची चौतीस वर्षं गेली होती. आता साठीला टेकल्यावर ती त्याच कोंबड्यांचे निकष पाठ करत बसली होती, आणि जपानातल्या कोचीच्या चाबो मंडळातली सगळी म्हातारी मंडळी तिच्याकडे डोळे लावून होती.

कारण साधं होतं. मंडळाचे परीक्षक ओकाबायाशी सेन्सेई, म्हणजे गुरुजी, ब्याऐंशीचे झाले होते. चाबो हा कोंबडा मुळातच बुटका. पोट जमिनीला टेकलंय की काय असं वाटावं, इतके त्याचे पाय आखूड. त्याला बघायचं म्हणजे वाकावं लागतं, आणि सेन्सेई एकदा वाकले की त्यांना उठवायला दोघं लागत. नवा परीक्षक हवा होता. पण मंडळात ज्याचे त्याचे स्वतःचे कोंबडे, आणि दुसऱ्याच्या नजरेवर कुणाचा काडीचा विश्वास नाही. ज्याच्या नावावर एकही कोंबडा नाही असं माणूस शोधता शोधता सगळे चहा घेऊन आलेल्या फुसाएपाशी येऊन थांबले.

"हिला?" तिचा नवरा शिगेयोशी हसला. "अहो, कोंबडा आरवल्याशिवाय तो कोंबडा आहे हेसुद्धा कळत नाही हिला."

तेवढं पुरे झालं. फुसाएनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "शिकते की."

शिकवणार अर्थातच शिगेयोशी. धंद्यानं तो तातामी चटया बनवणारा. चटईची कड केसभर तिरकी गेली तरी त्याला जेवण जात नसे. शिकवणंही त्याच थाटाचं. सकाळी ती चुलीपाशी उभी असली की हा दारात उभा राहून प्रश्न टाकायचा.

"पाय?"

"दिसता कामा नयेत."

"तुरा?"

"मोठा, ताठ, पाच दात्यांचा."

"शेपटी?"

"उभी आणि सरळ. एका बाजूला झुकली तर बाद."

"बाद म्हणजे?"

"बाद म्हणजे बाद! बाजूला व्हा, सूप उतू चाललंय."

वर्षभरात तिची नजर अशी तयार झाली की माणसंही सुटेनात. पोस्टातला कारकून तिला 'छाती भरदार, मान आखूड' दिसू लागला. देवळातल्या पुजाऱ्यांची चाल डौलदार होती, पण पाय साफ नियमाबाहेर. हे ती जेवताना सांगायची आणि शिगेयोशी हसून हसून लाल व्हायचा.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नव्हती.

शिगेयोशीचा सध्याचा कोंबडा म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई होती. पांढरंशुभ्र अंग, काळी कुळकुळीत शेपटी. नियमानं तो कोंबड्यांना नावं देत नसे, पण फुसाए त्याला दाईफुकु म्हणायची, कारण तो त्या नावाच्या तांदळाच्या मिठाईसारखाच गोरा आणि गुबगुबीत होता. ती तांदूळ धुवायला बसली की तो येऊन तिच्या पायावर बसायचा, आणि ती पाय अवघडला तरी हलवायची नाही. सहा महिन्यांचा असतानाच शिगेयोशीनं त्याला उलटासुलटा तपासून 'निर्दोष' ठरवलं, गावभर सांगितलं, आणि त्यानंतर फक्त कौतुक केलं. एकदा पसंत पडलेली वस्तू पुन्हा कोण तपासतो? बायकोच्या बाबतीतही त्याचं तेच झालं होतं.

पण गेल्या वर्षी जुनी पिसं गळून नवी आली, तेव्हा दाईफुकुची शेपटी डावीकडे कलली. बोटभरच. कारखान्यात काम करताना शिगेयोशीला तो आडवा दिसायचा, आणि आडवा बघितला की तो राजा होता. फुसाएला मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज त्याची पाठ दिसायची.

ती गप्प राहिली याला कारण होतं. शेपटीचा कल पिल्लांत उतरतो, म्हणून तसा कोंबडा अंगणात ठेवायचा नाही, त्याच दिवशी मंडळातल्याच, पुलापलीकडच्या हामादाकडे द्यायचा, हा शिगेयोशीचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. आणि हामादाकडे गेलेला कोंबडा पुन्हा कुणी पाहिला नव्हता. थंडीत हामादाच्या घरची कोंबडीची रस्सेदार हंडी मात्र सगळ्यांनी चाखली होती.

नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत प्रदर्शन भरलं आणि तिथेच तिची परीक्षा ठरली. पिंजऱ्यांवर फक्त आकडे. मालकांनी दोरीपलीकडे उभं राहायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. उमेदवारानं प्रत्येक कोंबड्याचा दोष मोठ्यानं सांगायचा, आणि सेन्सेई तो आपल्या कागदाशी ताडून बघणार.

"हे बघ," निघताना शिगेयोशी म्हणाला होता, "मी तुझा नवरा आहे हे विसर. खरं काय ते बोल." हे बोलताना त्यानं रात्रीच्या जेवणासाठी अख्खा कात्सुओ मासा सांगून ठेवलेला होता.

पहिल्या पिंजऱ्याभोवती फुसाए दोनदा फिरून आली. मग नजर बसली. "एक नंबर, तुऱ्याला सहा दाते. दोन नंबर, पाठ लांब." तीन नंबर हामादाचा होता. "पाय उंच," ती म्हणाली, आणि हामादानं दोरीपलीकडून असा सुस्कारा सोडला की लोक हसले.

पाचव्या पिंजऱ्यात दाईफुकु होता. तिला बघून त्यानं गळ्यातल्या गळ्यात आवाज काढला आणि जाळीपाशी सरकला. समोरून सगळं बिनचूक होतं. 'दोष नाही' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. शिगेयोशी छाती काढून उभा होता.

पण आधीच्या चारांच्या मागे जाऊन पाहिलं होतं, मग याच्याही मागे जायला हवं. ती गेली, वाकली, आणि जे रोज खिडकीतून दिसायचं तेच दिसलं.

"पाच नंबर," ती म्हणाली. मोठ्यानं सांगायचं होतं, म्हणून पुन्हा म्हणाली. "पाच नंबर. शेपटी डावीकडे कललेली. बाद."

सेन्सेईंनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहून मान हलवली. ती पास झाली होती.

प्रदर्शन संपल्यावर शिगेयोशी त्या पिंजऱ्यामागे जाऊन वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. हामादा जवळ आला. "काय मग? येताय ना संध्याकाळी माझ्याकडे? कांद्याची पात ताजी आहे."

शिगेयोशीनं दाईफुकुला उचलून पेटीत ठेवलं. छोट्या ट्रकमध्ये दोघं बसली, दाईफुकुची पेटी मध्ये. फुसाएनं पेटीवर हात ठेवला होता. पूल जवळ आला. हामादाच्या घराचं वळण आलं. ट्रक वळला नाही.

"वळण गेलं," ती हळूच म्हणाली.

"दिसलं मला." थोड्या वेळानं तो म्हणाला, "कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षी पिसं आली तेव्हापासून."

"आणि रोज सकाळी माझ्याकडून शेपटीचा धडा घेत होतीस!"

"बोलले असते तर हा हंडीत गेला असता. वाईट वाटलं असतं हो मला. फार वाईट वाटलं असतं."

मग त्यानं जरा घाबरतच विचारलं, "अगं, आणखी काय काय बघून ठेवलंयस तू?"

"पुष्कळ."

"मग बोलत का नाहीस?"

"जे मला चालतं ते कशाला बोलू?"

"आज बोललीस की!"

"आज नियम विचारत होता. नियमाला हा चालत नाही. मला चालतो."

शिगेयोशीनं खाकरून घसा साफ केला. "पिल्लं नाही काढायची याची."

"नाही काढायची."

"नुसता राहील."

"नुसताच तर राहायचाय." तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

आणखी थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "आणि माझं? माझं सांग ना. सेन्सेईंनी पास केलंय तुला."

फुसाएनं त्याच्याकडे परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं. "मान उजवीकडे वाकडी. चटया शिवून शिवून. लग्नात होती सरळ."

"बाद?"

"नियमानं बाद."

शिगेयोशीनं झटकन मान सरळ केली आणि पुढच्या रस्त्यावर नजर लावली. पुढच्या सिग्नलपर्यंत मान पुन्हा उजवीकडे वाकली. फुसाएनं ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही.