अझोटोमीटरवरची पट्टी

उपेंद्रराव सहस्रबुद्ध्यांना एरवी काहीही चालायचं, पण अझोटोमीटरला कुणी ‘नायट्रोजनची नळी’ म्हटलं की कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. बरं, तो शब्द उरला होता तरी कुणाच्या तोंडी? त्यांच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन आपोआप मोजणारं यंत्र आलं, अझोटोमीटर कपाटात गेला आणि पुढे उपेंद्ररावही निवृत्त होऊन सर्जापूर रोडला मुलाकडे राहायला गेले.

म्हणून त्यांच्या जुन्या संस्थेतल्या यशश्रीचा फोन आला तेव्हा स्वारी एकदम खूश. जुनी उपकरणं काचेच्या कपाटात मांडायची होती, ती कशी चालत हे सांगायला सर हवे होते. तिने पाटीसुद्धा छापून ठेवली होती: ‘हाताळणारे उपेंद्र सहस्रबुद्धे. यांचा आकडा कधी चुकला नाही.’ उपेंद्ररावांनी ती दोनदा वाचली.

मग नळी हातात धरून ते सांगू लागले. पदार्थ जाळायचा, त्यातला नायट्रोजन पोटॅशच्या पाण्यातून बुडबुड्यांनी वर येऊन नळीत साचतो, तो किती हे रेघांवर वाचायचं. काचेला पाणी चिकटून राहतं, म्हणून आकडा जरा जास्त दिसतो. त्यातून शेकडा दोन वजा करायचे.

सांगता सांगता ते थांबले. नळीवर रेघांची कागदी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीखाली फिकट शाईत कन्नडमध्ये एक ओळ होती. ही नळी वापरायचे तेव्हा ते साताऱ्याहून नवे आलेले, कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. ही ओळ म्हणजे काच फुंकून उपकरणं करणाऱ्या मल्लाप्पाची सही असेल, असं ते धरून चालले होते. पुढे बसच्या पाट्या वाचून वाचून कन्नड आलं, पण तोवर नळी कपाटात गेली होती. आज डोळ्यांनी ती ओळ आपसूक वाचली.

‘शेकडा दोन आधीच वजा केले आहेत.’

बहिणीच्या लग्नाला ते रजेवर असताना जुनी नळी फुटली होती. मल्लाप्पाने नवी केली, हिशोब सोपा व्हावा म्हणून रेघाच तशा आखल्या आणि इमानदारीने खाली लिहूनही ठेवलं. उपेंद्ररावांनी मात्र यंत्र येईपर्यंत आठ महिने दोन टक्के पुन्हा वजा केले. विचारायचं कुणाला आणि कशाला? हुशार माणूस ना!

“सर, बसा. पाणी आणू?” यशश्री म्हणाली.

“कमला,” ते म्हणाले. “कमला होती इथे.”

बाकीच्यांच्या पदार्थांत नायट्रोजन जेमतेम, त्याचे दोन टक्के ते किती, त्यामुळे चूक खपून गेली. पीएच.डी. करणाऱ्या कमलाने बनवलेला नवा पदार्थ मात्र नायट्रोजनने भरलेला, तिचा आकडा चालण्याजोग्या फरकाच्या मर्यादेबाहेर पडला. तीनदा तिने पदार्थ शुद्ध करून आणला, तीनदा यांनी ‘अशुद्ध’ म्हणून शेरा मारला. तिसऱ्या वेळी बिचारी म्हणाली होती, “अण्णा, एकदा नळीच तपासता का?” त्यावर हे म्हणाले, “नळीला काय धाड भरलीय? आधी तुमची भांडी घासून या.” सगळी प्रयोगशाळा हसली होती. मार्गदर्शकांनी प्रबंध नाकारला आणि कमला गेली.

“एक्केचाळीस वर्षं झाली, सर. आता कोण विचारतंय?” यशश्री हळूच म्हणाली.

“कुणी विचारत नाही, म्हणून तर,” ते म्हणाले. पाटीवरचं दुसरं वाक्य त्यांनी काढायला लावलं आणि जुन्या माणसांना फोन करून करून कमलाचा पत्ता मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते यशवंतपूरला तिच्या दारात उभे राहिले. शाळेतून निवृत्त झालेल्या कमलाबाईंनी त्यांना लगेच ओळखलं. “या अण्णा, कॉफी स्वल्प घेता ना?”

“आधी ऐका. मग द्यावीशी वाटली तर द्या.”

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही, स्वतःचं ते भांड्यांचं बोलणंसुद्धा नाही. कमलाबाई खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत होत्या.

“म्हणजे माझा पदार्थ शुद्ध होता?”

“होता. तिन्ही वेळा होता.”

“कन्नड येत नव्हतं, सरी, ठीक आहे. त्याचा राग नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी विचारलं होतं हो तुम्हाला! तुम्ही सगळे हसलात, आणि मला वाटलं, माझ्याच हातात खोट आहे. पुढे माझी अनुषा बारावीला रसायनात पहिली आली. संशोधन करते म्हणून रडली, दोन दिवस जेवली नाही. मी नाही करू दिलं. म्हटलं, आपल्या हाताला ते यायचं नाही, पोरी.”

उपेंद्ररावांच्या आता ध्यानात आलं. भांडी घासून या, हे आपलं एक वाक्य या घरात पोरीपर्यंत पोचलं होतं. त्यांना आपली लाज वाटली, नुसती लाज.

कमलाबाईंनी फोन लावला. “अनुषा, बँकेत आहेस का? एक मिनिट बाहेर ये. एकजण बोलतायत.” आणि फोन त्यांच्या हातात दिला. “मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

“बाळ, मी उपेंद्र सहस्रबुद्धे,” ते म्हणाले. “तुझी आई चुकली नव्हती. मी चुकलो होतो. तिचे हात चांगले होते, आणि तुझेही...”



“मी आता अडतीस वर्षांची... नाही, असू दे,” अनुषा म्हणाली. “आई रडतेय का? तिला फोन द्या.”